उजनीकाठचा अखंड सूर

रात्रपाळीची थ्री फेज लाइट आली की उजनी धरणाच्या फुगवट्याचा काठ एकाच आवाजाने भरून जातो. करमाळा तालुक्यातील कुगाव, चिखलठाण, केत्तूर, वांगी अशा गावांत पाण्याच्या कडेला शेतकऱ्यांच्या मोटारी ओळीने बसवलेल्या असतात. एकेक मोटार सुरू होते, पाइपात अडकलेली हवा फुसफुसत बाहेर पडते आणि मग वरच्या उसाला पाणी पोचेपर्यंत एक सलग घूं चालू राहतो. डीपीखाली उभे राहिले तर त्या घूंच्या तळाशी आणखी एक आवाज लागतो, जास्त स्थिर, जास्त जाड. तो रोहित्राचा. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तने घेते. रोहित्राचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित ताणला जातो, म्हणून त्याच्या गुणगुणीचा मूळ सूर 100 हर्ट्झचा असतो. पेटीवर शोधायला गेलात तर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जरासा वर तो सापडेल.

मोटारींचा सूर मात्र असा खिळ्याने ठोकलेला नसतो. शेतावरची नेहमीची मोटार मिनिटाला साधारण 2880 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 48. शेजारच्या मोटारीवर भार थोडा कमी असेल तर ती 2910 फेरे घेईल, म्हणजे सेकंदाला साडेअठ्ठेचाळीस. हा अर्ध्या फेऱ्याचा फरक कानाला एकेकटा कधीच कळणार नाही. पण दोन्ही मोटारी एकत्र चालू असल्या की त्यांचा मिळून झालेला आवाज दर दोन सेकंदांनी फुगतो आणि ओसरतो. भौतिकशास्त्रात याला विस्पंद म्हणतात. काठावर अशा कितीतरी मोटारी असतात, प्रत्येकीची चाल वेगळी, आणि त्यामुळे वरवर एकसुरी वाटणाऱ्या त्या आवाजाच्या पोटात सारखी लाटांची ये-जा चाललेली असते. पाच मिनिटे नुसते उभे राहून ऐका, ती ऐकू येऊ लागते.

मोटारीच्या मालकाला ते ऐकायला शिकवावे लागत नाही. या आवाजात बारीक फरक पडला तरी घरात झोपलेला माणूस उठून बसतो. एक फेज गेली की मोटार कण्हू लागते. पाणी खाली जाऊन तिने हवा धरली की आवाज हलका आणि कोरडा होतो. बेअरिंग जायच्या आधी कित्येक दिवस एक बारीक किरकिर सुरू होते. मला काठावरच्या या कानांचे फार मोल वाटते, कारण गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत जगभर जी ध्वनिकला उभी राहिली, तिचा सगळा आधार अशाच ऐकण्यावर आहे. त्या कलेची एक वाट म्हणजे लांबवर टिकणारा एकच सूर धरून त्याच्या आतल्या हालचालीत शिरणे. जगभर तिला ड्रोन संगीत म्हणतात. दुसरी वाट म्हणजे कुणी न रचलेले आवाज, पाण्याचे, पाखरांचे, यंत्रांचे, त्यांच्या जागी जाऊन टिपणे. ते फील्ड रेकॉर्डिंग. उजनीकाठी दोन्हींना लागणारी सामग्री आहे आणि तयार कानही आहेत. उणीव आहे ती फक्त जपून ठेवण्याच्या सवयीची.

ला माँट यंग या अमेरिकी संगीतकाराचा जन्म 1935 सालचा, आयडाहो राज्यातल्या बर्न नावाच्या खेड्यातला. ओंडक्यांच्या घराच्या फटींतून घुमणारा वारा आणि विजेच्या रोहित्रांची गुणगुण या आपल्या लहानपणीच्या ठळक आठवणी असल्याचे त्याने पुढे अनेकदा सांगितले. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याने मारियन झझीला, टोनी कॉनरॅड, जॉन केल यांच्यासह मोजकेच सूर तासन्‌तास धरून ठेवण्याचे प्रयोग सुरू केले. आधारसूर कुठला घ्यायचा हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या विजेचाच, 60 हर्ट्झचा सूर पायाला घेतला. यंगच्या घरी कासवांच्या काचपेटीला जोडलेली मोटार तो सूर अखंड देत असे, आणि त्या काळातल्या त्याच्या एका मोठ्या रचनेच्या नावात कासव आले ते तिथूनच. चिखलठाणच्या डीपीखाली जो सूर आहे त्याच जातीचा तो सूर. फरक दोन देशांच्या विजेचा.

यंगची गोष्ट इथे थांबत नाही, ती महाराष्ट्राच्या अंगणात येते. 1970 साली पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले. यंग आणि झझीला त्यांचे शिष्य झाले. टेरी रायली हा दुसरा नामांकित संगीतकारही झाला. आपापल्या क्षेत्रात नाव मिळवलेली ही माणसे गुरूपुढे तंबोरा घेऊन बसली आणि वर्षानुवर्षे बसत राहिली. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. याच घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. 1937 साली ते वारले. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तिथे दरवर्षी गायक हजेरी लावतात. एकेका स्वराला सावकाश, पुरता वेळ देऊन फुलवायचे ही या घराण्याची ओळख. अमेरिकेतल्या ड्रोन संगीताच्या एका मुख्य धारेला खोली मिळाली ती या तालमीतून. प्राणनाथांच्या तंबोऱ्यांचे एक ध्वनिमुद्रण प्रसिद्ध आहे. त्यात गाणे नाही, बंदिश नाही; सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त तंबोरे.

आपल्याकडे तंबोरा इतका मागे बसलेला असतो की नुसता तंबोरा ऐकावा हे सहसा सुचत नाही. सुचायला हवे. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवले जातात आणि 2024 साली तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांच्यासाठी लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात, म्हणजे उजनीचे पाणी खाली जिथे उतरते त्या भीमाकाठी पिकतात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला किंचित गोलाई असते, आणि त्यावर तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. धागा नेमक्या जागी बसला की जवारी लागते. कंप पावणारी तार त्या गोलाईला हलकेच स्पर्श करत राहते आणि मूळ सुरातून एकामागून एक उपस्वर उमलतात. खर्जाची तार छेडली की काही क्षणांनी त्यातून गंधार ऐकू येतो, जो कुठल्याच तारेवर लावलेला नाही. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात हेच दाखवले: तार जिथे छेडली त्या जागेमुळे जे उपस्वर नियमाने नाहीसे व्हायला हवेत, तेही तंबोऱ्यात आणि वीणेत घोडीच्या रचनेमुळे जिवंत राहतात. त्याआधी 1910 साली सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक काढले होते. त्यांच्या श्रुतींच्या कामाला अब्दुल करीम खाँच्या गळ्याची साथ मिळाली होती. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला एक मराठी माणूस सुरांची मोजमापे करत बसतो, त्या काळातला सर्वोत्तम गळा त्याला साथ देतो, ही घटना आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवी होती.

हे झाले बैठकीचे. गावगाड्यात तर धरलेल्या सुराला किती तरी रूपे आहेत. लग्नात सनई वाजते तेव्हा एक जण चाल वाजवतो आणि शेजारचा नुसता सूर धरून बसतो. गालात हवा साठवून तो नाकाने श्वास घेतो, म्हणून त्याचा सूर तुटत नाही. बघणाऱ्यांचे लक्ष चाल वाजवणाऱ्याकडे असते. सूर धरणाऱ्याच्या कष्टाची दखल क्वचितच कुणी घेतो. गोंधळात संबळाच्या जोडीला तुणतुणे असते. त्याची एकुलती तार सूर आणि लय दोन्ही सांभाळते. पोवाड्यात मागचे साथीदार शाहिराच्या ओळीचा शेवट उचलून ‘जी जी’चा सूर लांबवतात.

पण या सगळ्यांत मला सर्वात मोठी वाटते ती सप्ताहातली वीणा. करमाळा, माढा, इंदापूर या भागात अखंड हरिनाम सप्ताह बसत नाही असे गाव शोधून काढावे लागेल. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन हे कार्यक्रम येतात आणि जातात. वीणा मात्र सात दिवस खाली ठेवायची नाही असा दंडक असतो. गावकऱ्यांच्या नावाने पहारे लावलेले असतात. मध्यरात्री दोनचा पहारा असलेला शेतकरी मोटार बंद करून, हातपाय धुऊन येतो, आधीच्या वीणेकऱ्याच्या पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो आणि मोकळ्या तारा छेडत नाम घेत उभा राहतो. मंडपात त्या वेळी श्रोता असेलच असे नाही. यंग आणि झझीला यांनी न्यूयॉर्कमध्ये सूर आणि प्रकाश अखंड चालू ठेवणारी एक वास्तू उभी केली, तिला ड्रीम हाउस म्हणतात, आणि जगभरातून लोक ती अनुभवायला जातात. सप्ताहाचा हेतू भक्तीचा आहे, तिथला कलेचा. दोन्ही एकच आहेत असे मी म्हणणार नाही. तरीही सूर तुटू द्यायचा नाही, त्यासाठी माणसांनी आळीपाळीने उभे राहायचे, आणि ऐकायला कुणी असो वा नसो तो चालू ठेवायचा, ही शिस्त ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली त्यांना ड्रोन संगीत परके वाटण्याचे कारण नाही.

बायकांचा अखंड सूर वेगळा होता. तो जात्याचा. सोलापूर जिल्हा ज्वारीचा, आणि पहाटे जात्यावर ज्वारी दळताना उठणारी घरघर हा ओवीचा तंबोराच होता. खुंट्याला दोघींचे हात, पाळूचा फेरा, मूठभर वैरण पडली की घरघर दबते, दाणे संपत आले की ती उघडी आणि खरखरीत होते. ओवी या चढउतारावर बेतून गायली जाते, श्वासही त्याच्याशी जुळवून घेतला जातो. पुण्याच्या गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांच्या मदतीने महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल या संगीत अभ्यासकाच्या साथीने नव्वदच्या दशकात त्यांतल्या काही हजार ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. ही मुद्रणे सुमारे 120 तासांची आहेत. पॉइटवँ 2004 साली गेले. 2017 पासून पारी हे ग्रामीण भारताचे संग्रहालय या ओव्या लोकांपुढे आणत आहे. ती मुद्रणे ऐकताना माझे लक्ष शब्दांइतकेच मागच्या आवाजांकडे जाते: दगडाची घरघर, बांगड्यांची किणकिण, कोंबडा, मध्येच रडणारे लेकरू. शब्द वहीत उतरवता आले असते. ही घरघर टेप नसती तर कायमची गेली असती.

आवाज टिपून ठेवता येतो ही गोष्टच माणसाला उशिरा साधली. 1889 साली जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळीवर पिंजऱ्यातल्या शामा पक्ष्याचे गाणे उतरवले. पक्ष्याच्या गाण्याचे ते आज उपलब्ध असलेले पहिले मुद्रण मानतात, आणि तो पक्षी भारतातला. 1948 साली पॅरिसच्या पियेर शेफर यांनी रेल्वेचे आवाज मुद्रित करून त्यांचीच रचना केली. कॅनडाच्या मरी शेफर यांनी सत्तरच्या दशकात व्हँकुव्हरला सहकाऱ्यांसह गावांच्या आणि शहरांच्या आवाजांची पद्धतशीर नोंद सुरू केली. 1977 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात एक लक्षात राहणारे निरीक्षण आहे: विद्यार्थ्यांना शांत बसवून मनात येईल तो सूर गुणगुणायला सांगितले, तर अमेरिका-कॅनडातली मुले बरेचदा 60 हर्ट्झच्या विजेशी जुळणारा सूर लावत आणि युरोपातली 50 हर्ट्झशी जुळणारा. न ऐकलेलाही आवाज आपल्यात मुरत असतो. हा प्रयोग जेऊरच्या किंवा केमच्या एखाद्या शाळेत करून पाहण्यासारखा आहे.

उजनीच्या संदर्भात मात्र मला सर्वात जवळची वाटते ती ॲनिया लॉकवूड ही संगीतकार. तिने हडसन नदीच्या उगमापासून मुखापर्यंत ठिकठिकाणी पाण्याचे आवाज टिपले आणि 1982 साली त्या नदीचा ध्वनिनकाशा केला. पुढे डॅन्यूबचाही केला. तिच्या मुद्रणांत नदी दर काही मैलांवर वेगळी बोलते. भीमेचा असा नकाशा कुणी करायला घेतला तर मधे उजनी येते, जिथे नदी बोलायची थांबते. धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याआधी या पट्ट्यात खडकांवरून खळाळणारी वाहती नदी होती, डोह होते, पावसाळ्यात पुराची गाज होती, विहिरींवर मोटेच्या चाकाची करकर ऐकलेली म्हातारी माणसे होती. धरणाखाली जाणाऱ्या गावांची मोजदाद झाली तेव्हा जमीन, घर, विहीर, झाड यांना कागदावर रकाने होते. आवाजाला रकाना नव्हता.

नंतर जे पाणी साचले त्याने नवे आवाज आणले. उजनीच्या या जलाशयाचा, म्हणजे यशवंतसागराचा, एकूण साठा 117 टीएमसी आहे आणि त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे निम्म्याहून अधिक. उपयुक्त साठा संपला की इथले लोक धरण मायनसमध्ये गेले म्हणतात. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेले होते. पाणी असे मागे हटते तसा काठाचा सगळा ध्वनिपट सरकतो. मोटारी पुढे न्याव्या लागतात, पाइप जोडावे लागतात, मोटारीपर्यंत पाणी आणण्यासाठी जेसीबीने चारी खोदतात. डिसेंबरमध्ये जो घूं घराच्या दारात ऐकू येत होता तो मे महिन्यात दूर गाळाच्या पलीकडून येतो. एकाच जागी उभे राहून दर महिन्याला दहा मिनिटांचे मुद्रण केले तर वर्षाअखेर ऐकणाऱ्याला पाण्याची पातळी कानाने कळेल. पाटबंधारे खात्याच्या आकड्यांशेजारी ठेवावी अशी ती नोंद होईल.

उथळ झालेल्या पाण्यात रोहित पक्षी उतरतात. दिसायला इतका देखणा पक्षी, पण आवाज बदकाहंसांसारखा घोगरा, आणि थवा चरत असला की ती कुजबुज एकसारखी चालू राहते. हिवाळ्यात चक्रवाक येतात, त्यांची हाक लांबवर जाते. पट्टकदंब येतात. चांदवे, ज्यांना वारकरीही म्हणतात, पाण्यावरून धावत उडताना पायांचा चपचप आवाज करतात. नदी सुरयांची कर्कश हाक, शेकाट्यांची किटकिट आणि या सगळ्यांवर पहारा ठेवणारी टिटवी. सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या लोकांकडून, कोळ्यांकडून आणि पारध्यांकडून पक्ष्यांची नावे आणि माहिती गोळा करून मराठी पक्षिकोश सिद्ध केला. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते सोलापुरातच गेले. नावांचे काम त्यांनी करून ठेवले. आवाजांचे काम आपल्याकडे आहे.

पाण्याखालची दुनिया तर बहुतेकांनी ऐकलेलीच नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1480 मीटर वेगाने जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात सोडायचा मायक्रोफोन, वापरला तर गोड्या पाण्यात सतत काहीतरी चाललेले ऐकू येते. पाणवनस्पतींवरून सुटणारे प्राणवायूचे बुडबुडे बारीक टिकटिकतात. पाणकिडे अंग घासून करकरतात. युरोपातल्या अवघ्या दोन मिलिमीटरच्या एका पाणकिड्याचा आवाज 2011 साली शास्त्रज्ञांनी मोजला तेव्हा शरीराच्या आकाराच्या मानाने तो प्राणिसृष्टीत सर्वात मोठा ठरला. उजनीच्या जाळ्यांत भरपूर येणारी चिलापीही मुकी नाही. तिच्या मोझांबिक जातीचे नर विणीच्या काळात मादीसमोर खालच्या पट्टीत गुरगुरतात. शिंगट्याच्या जातीचे मासे पंखाचा काटा खोबणीत घासून कर्र आवाज करतात, आणि ते तर मच्छीमारांना होडीत ओढतानाच ठाऊक असते. उथळ पाण्यात खूप खालचे सूर लांब जात नाहीत, त्यामुळे काठावरच्या मोटारींचा जाड घूं पाण्याखाली थोड्या अंतरावर विरतो, आणि हे बारीक आवाज मोकळे होतात.

काही आवाजांत दुखणे आहे आणि तेही नोंदीत यायला हवे. रात्री पाण्यातून येणारी सगळीच घरघर शेतीची नसते. बेकायदा वाळू उपसणाऱ्या यांत्रिक बोटी तळाचा गाळ आणि वाळू ओढत असतात. महसूल विभागाची पथके त्या पकडून जिलेटिनने उडवतात. वाऱ्याचा आवाज इथे जिवाशी जोडलेला आहे. कुगावहून पलीकडे कळाशीला होडीने काही किलोमीटर पाणी ओलांडावे लागते, रस्त्याने गेले तर मोठा वळसा. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून निघालेली बोट अचानक सुटलेल्या वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. उन्हाळ्यातल्या वळवाआधी वारा पाण्यावर कसा बदलतो हे होडीवाले कानानेही ओळखतात. त्यांच्याकडून ते ऐकून, मुद्रित करून, मुलांना शिकवले जावे.

पहाटेची वेळ मुद्रणासाठी सर्वात चांगली, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. रात्रभरात पाण्यालगतची हवा गार होते, वरची त्यामानाने उबदार राहते, आणि आवाजाच्या लहरी वर निसटण्याऐवजी खाली वळतात. म्हणून पलीकडच्या काठावरचे बोलणे, होडीवर आपटलेले वल्हे, काकड्याचे टाळ स्पष्ट ऐकू येतात. दौंड-सोलापूर मार्गावरची गाडी पारेवाडी-वाशिंबेच्या बाजूने जाताना किती तरी वेळ कानात राहते.

महागडी साधने नसली तरी चालतात. मोबाइल दगडावर किंवा कुंपणाच्या खांबाला टेकवून ठेवा, हातात धरू नका. वारा असेल तर मायक्रोफोनच्या भोकाजवळ लोकरीचा तुकडा गुंडाळा. वाऱ्याचा थेट मारा हाच मुद्रणाचा मुख्य शत्रू. दहा मिनिटे कुणीही बोलायचे नाही. बझरमधली पितळी चकती दोन तारा जोडून रेकॉर्डरला लावली की तिचा स्पर्शमायक्रोफोन होतो. ती लोखंडी पाइपलाइनला, तारेच्या कुंपणाला, एखाद्या पुलाच्या कठड्याला चिकटवा, आणि वस्तूच्या अंगातून धावणारा आवाज ऐका. विजेच्या खांबाला आणि डीपीला मात्र हात लावायचा नाही. तो आवाज लांबूनच पुरेसा मिळतो. कोरड्या वर्षी पळसदेवचे पळसनाथाचे दगडी मंदिर पाण्याबाहेर येते. अशा जागेत वाजवून पाहण्याला एक दाखला आहे. पॉलिन ऑलिव्हेरोस या अमेरिकी संगीतकार 1988 साली सोबत्यांसह पाण्याच्या एका रिकाम्या भूमिगत टाकीत उतरल्या, जिथे आवाज 45 सेकंद घुमत राहतो, आणि त्या घुमण्यालाच साथीदार मानून त्यांनी वादन केले. चाळीसेक वर्षे पाण्यात ये-जा केलेल्या आपल्या मंदिराच्या दगडात वीणा कशी घुमते, हे ऐकून ठेवायला एक कोरडा उन्हाळा आणि एक वीणेकरी पुरेसा आहे.

पक्ष्यांची मुद्रणे झेनो-कँटो या खुल्या जागतिक संग्रहात कुणालाही देता येतात. 2005 पासून तो चालू आहे. गावाच्या आवाजांसाठी मात्र गावालाच जागा करावी लागेल. त्याची सुरुवात जात्यापासून करा, कारण जात्यावर दळलेल्या पिढीतल्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. तुमच्या घरी किंवा भावकीत अशी आजी असेल तर तिची परवानगी घ्या, अडगळीतले जाते धुऊन पुसून बसवा, मूठभर ज्वारी द्या आणि तिला हवा तितका वेळ दळू द्या. मुद्रणाच्या सुरुवातीला गावाचे नाव, तारीख आणि तिला चालत असेल तर तिचे नाव स्पष्ट बोला. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा आणि एक शाळेत द्या.